पाळी आलेली नाही, तरी दिवस जाऊ शकतात

बाळाच्या लशीच्या दिवशी भिवंडीतल्या कुठल्याही आरोग्य केंद्राच्या बाकावर अर्धा तास बसलात, तर एक वाक्य हमखास कानावर येतं: "अंगावर पाजतेय ना मी, मग काही होत नाही." तेवढ्यात पलीकडची म्हणते, "कोण म्हणतं? माझी पाळीसुद्धा आली नव्हती, आणि दुसऱ्यांदा दिवस गेले." दोघीही खरंच बोलत असतात. एकीची दुधाने राखण केली, दुसरीची केली नाही. हा नशिबाचा खेळ नाही. दुधाची राखण अटींवर चालते, आणि त्या अटी बाळंतपणानंतर घरी जाताना बऱ्याच जणींना कुणी नीट सांगितलेल्या नसतात.

त्या अटी कोणत्या, त्या कुठे सुटतात, सुटल्या तर पुढे काय करायचं आणि कायद्याने तुम्हाला काय दिलं आहे, ते इथे क्रमाने पाहू. हे एकटीने वाचू नका. नवऱ्याला आणि सासूबाईंनाही वाचून दाखवा, कारण बाळाला पहिला चमचा कधी द्यायचा आणि तुम्ही कामावर कधी परतायचं, हे निर्णय घरात मिळून होतात.

आधी थोडक्यात उत्तर

- बाळ सहा महिन्यांच्या आतलं आहे, ते फक्त अंगावर पितं आणि तुमची पाळी सुरू झालेली नाही, या तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतील तर दिवस जाण्याची शक्यता फार कमी असते. अशा १०० मातांपैकी सहा महिन्यांत साधारण दोघींनाच दिवस जातात. अटी काटेकोर पाळल्या तर त्याहूनही कमी.
- तिन्हींपैकी एक जरी गोष्ट बदलली, तरी त्या दिवसापासून दुधाच्या भरवशावर राहू नका.
- बाळंतपणानंतरची पहिली पाळी येण्याच्या आधीच स्त्रीबीज सुटू शकतं. त्यामुळे "पाळी आली की साधन वापरू" हा हिशेब चुकीचा ठरतो.
- काही कारणाने बाळाला अजिबात पाजत नसाल, तर बाळंतपणानंतर चार आठवड्यांतच पुन्हा दिवस जाण्याची शक्यता सुरू होते.

तीन अटी, एकेक करून

१९८८ साली इटलीतल्या बेलाजिओ इथे तज्ज्ञांनी वेगवेगळ्या देशांतल्या मातांची माहिती समोर ठेवून हे निकष ठरवले. आपल्या सरकारी कुटुंबनियोजनातही तेच वापरले जातात. आरोग्य केंद्रात सिस्टर "लॅम" म्हणाल्या, तर त्यांना हीच पद्धत म्हणायची असते.

१. पाळी आलेली नसावी. बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठ आठवड्यांतलं, म्हणजे ५६ दिवसांतलं अंगावरून जाणं पाळीत धरत नाहीत. त्यानंतर सलग दोन दिवस रक्त गेलं, किंवा "ही पाळीच आहे" असं तुम्हाला वाटलं, तर पाळी आली असंच समजा. नुसते डाग आहेत, थोडंच गेलं, अशी सूट घेऊ नका.

२. बाळ फक्त अंगावर पिणारं असावं. दिवसा दोन पाजण्यांमध्ये चार तासांपेक्षा आणि रात्री सहा तासांपेक्षा जास्त अंतर नको. पाणी, गुटी, मध, ग्राइप वॉटर, गाईचं किंवा डब्याचं दूध यांपैकी काहीही नको. डॉक्टरांनी दिलेलं औषध किंवा जीवनसत्त्वाचे थेंब चालतात.

३. बाळ सहा महिन्यांच्या आतलं असावं. सहावा महिना संपला की पहिल्या दोन अटी पाळल्या जात असल्या तरी राखण धरू नका. तेव्हा बाळाला वरचं अन्न द्यायलाच हवं, आणि अन्न सुरू झालं की पिणं आपोआप घटतं.

यामागचं कारण एवढंच लक्षात ठेवा: बाळ ओढतं, तेव्हा त्या ओढण्याचा संदेश मेंदूपर्यंत जातो आणि बीजकोशाला काम सुरू करायला सांगणारे संदेश दबलेले राहतात. दूध किती येतं याला इथे महत्त्व नाही. बाळ किती वेळा आणि किती कमी अंतराने ओढतं, यावर सगळं अवलंबून आहे. दूध भरपूर असलेली आई बाळाला दिवसातून तीनदाच घेत असेल, तर तिची राखण दूध बेताचं पण दर दोन तासांनी पाजणाऱ्या आईपेक्षा कच्ची असते.

अट सुटते कुठे

एखाद्या सकाळी कुणी ठरवून दूध बंद करत नाही. अट हळूहळू सुटते आणि कळतही नाही. भिवंडीसारख्या गावात ती सुटण्याच्या जागा बऱ्याचशा ठरलेल्या आहेत.

- कामावर परतणं. मानकोली, काल्हेर, राहनाळकडच्या गोदामांत पॅकिंगचं काम असो की यंत्रमागाच्या कारखान्यातलं कांडी भरण्याचं, घर सोडून आठ-दहा तास बाहेर राहिलात की चार तासांची मर्यादा मोडते. दूध काढून ठेवून जात असाल तर बाळासाठी ते उत्तमच आहे. पण हाताने काढणं म्हणजे बाळाचं ओढणं नव्हे. बाळापासून बराच वेळ दूर राहणाऱ्या मातांच्या एका पाहणीत सहा महिन्यांत १०० पैकी सुमारे ५ जणींना दिवस गेले होते.
- गुटी आणि पाणी. उन्हाळ्यात "बाळाचा घसा सुकतो" म्हणून पाणी पाजलं जातं. अंगावरच्या दुधात बाळाला लागणारं सगळं पाणी असतं, एप्रिल-मे महिन्यातसुद्धा. गुटीने पोट भरलं की बाळ तेवढं कमी ओढतं, शिवाय जुलाबाची भीती वेगळीच.
- माहेरहून सासरी, गावाहून भिवंडीत. बाळंतपणाला उत्तर प्रदेशात, तेलंगणात किंवा कोकणात गेलेल्या बायका तीन-चार महिन्यांनी परततात. माहेरी रात्रंदिवस पाजणं चाललेलं असतं. इथे आल्यावर घरचं काम अंगावर पडतं आणि एखादी बाटली सुरू होते. नवरा-बायको एकत्र येण्याची आणि दुधाची राखण सैल होण्याची वेळ नेमकी एकच येते.
- बाळ रात्रभर झोपू लागणं. चौथ्या-पाचव्या महिन्यात काही बाळं रात्री आठ तास झोपतात. आईला विश्रांती मिळते, ते चांगलंच. पण सहा तासांची मर्यादा तिथेच ओलांडली जाते.
- उष्टावण. पाचव्या महिन्यात मुहूर्त काढून खीर चाटवली आणि रोजचा चमचा सुरू झाला, की दुसरी अट संपली.
- आजारपण. बाळ नवजात कक्षात असेल, आई तापाने झोपून असेल आणि पाजणं काही दिवस तुटलं असेल, तर ती तुटलेली साखळी आहे, हे लक्षात घ्या.
- बाळ दगावणं. हे लिहिताना जड जातं, पण सांगायला हवं. ओढणारं बाळ नसलं की शरीर लवकर पूर्वपदावर येतं. मन सावरण्याआधीच पुन्हा दिवस गेले, असं होऊ नये म्हणून महिनाभरात डॉक्टरांशी बोला.

आणखी एका समजुतीबद्दल. कुराणात आईने मुलाला पूर्ण दोन वर्षं पाजण्याचा उल्लेख आहे. जागतिक आरोग्य संघटनाही दोन वर्षं आणि त्यापुढेही पाजायला सांगते. जरूर पाजा. पण दोन वर्षं दूध म्हणजे दोन वर्षं राखण, असा त्याचा अर्थ होत नाही. दूध दोन वर्षं बाळाच्या कामी येतं. राखणीला मात्र ते फार तर सहा महिने पुरतं.

घाई का नको

एका बाळंतपणानंतर पुढचे दिवस राहण्याआधी निदान दोन वर्षं जाऊ द्यावीत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. म्हणजे दोन भावंडांत सुमारे तीन वर्षांचं अंतर पडतं. पाठोपाठ दिवस राहिले तर आईच्या अंगातलं रक्त भरून निघालेलं नसतं, बाळ कमी वजनाचं किंवा अपुऱ्या दिवसांचं होण्याचा धोका वाढतो. पहिलं सिझेरियन असेल तर गर्भाशयावरचा व्रण भरायलाही वेळ लागतो. थोरल्याचं दूध लवकर तुटतं, ते नुकसान वेगळंच.

लशीच्या तारखांवर बांधा साधनाचं वेळापत्रक

स्वतःसाठी वेगळी तारीख लक्षात राहत नाही. बाळाच्या लशीची तारीख मात्र कुणी चुकवत नाही. म्हणून दोन्ही एकत्र बांधा.

- बाळंतपण झाल्या झाल्या, ४८ तासांच्या आत: तांबी बसवून घेता येते. हे गरोदरपणातच बोलून ठरवावं, कळा सुरू असताना नव्हे.
- पहिल्या सात दिवसांत: मुलं पुरे असतील आणि निर्णय पक्का असेल, तर स्त्रीची नसबंदी करता येते. ही मुदत गेली तर सहा आठवडे थांबावं लागतं.
- दीड महिन्याच्या लशी: सव्वा महिना संपलेला असतो आणि बहुतेक घरांत संबंध पुन्हा सुरू होण्याची हीच वेळ. अंगावर पाजणाऱ्यांना आता अंतरा इंजेक्शन घेता येतं, तांबी बसवता येते. राहिलेली नसबंदीही आता करता येते. साधन ठरवण्याचा सगळ्यात चांगला दिवस हाच.
- अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लशी: तिन्ही अटी स्वतःला विचारा. एक जरी सुटली असेल तर सिस्टरना त्याच दिवशी सांगा.
- सहा महिने पूर्ण: दुधाची राखण संपली. साधन नसेल तर आजच सुरू करा.
- नऊ महिन्यांची गोवर-रुबेलाची लस: तोपर्यंत साधन सुरू नसेल आणि पाळीही आलेली नसेल, तर आधी गरोदरपणाची चाचणी करून घ्या.

कोणतं साधन घ्यावं

खालची सगळी साधनं अंगावर पाजत असताना चालतात. फक्त कुठलं केव्हापासून, ते पाहा. त्यांतली बहुतेक सरकारी केंद्रात मोफत मिळतात.

- निरोध. कधीही, पहिल्या दिवसापासून. दुधावर परिणाम शून्य. दर वेळी वापरला तरच उपयोग.
- छाया गोळी. लखनऊच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेली, संप्रेरकं नसलेली गोळी. बाळंतपणानंतर लगेचही सुरू करता येते. पहिले तीन महिने आठवड्यातून दोन ठरलेल्या वारी, उदाहरणार्थ रविवार आणि बुधवार. त्यानंतर दर आठवड्याला एकदा, पहिल्याच वारी. पाळी लांबू शकते. यकृताचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा बीजकोशात गाठी असतील, तर आधी डॉक्टरांना सांगा.
- अंतरा इंजेक्शन. दर तीन महिन्यांनी एक. अंगावर पाजणाऱ्यांना सहा आठवड्यांनंतर. टोचलेली जागा चोळायची नाही. सुरुवातीला पाळी अनियमित होते, पुढे बंदही होते. त्यात रक्त "आत साचत" नाही. बंद केल्यावर दिवस राहायला वेळ लागतो, शेवटच्या इंजेक्शनपासून साधारण सात ते दहा महिने. वर्षभरातच दुसरं मूल हवं असेल तर हे साधन निवडू नका.
- तांबी. पाच वर्षांची आणि दहा वर्षांची, असे दोन प्रकार आहेत. दुधावर परिणाम नाही, काढल्यावर दिवस राहायला अडथळा नाही. बसवल्यावर पाळी काही महिने जास्त जाऊ शकते. बाळंतपणानंतर लगेच बसवलेली तांबी निघून येण्याची शक्यता थोडी जास्त असते, म्हणून सहा आठवड्यांनी तपासून घ्या.
- फक्त प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या. औषधांच्या दुकानात डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतात. रोज ठरलेल्या वेळी घ्यायच्या. वेळ चुकवणाऱ्यांसाठी नाहीत.
- माला-एन आणि तशाच मिश्र गोळ्या. अंगावर पाजत असाल तर बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत नकोत.
- पुरुषाची नसबंदी. मुलं पुरे असतील तर सगळ्यात सोपी शस्त्रक्रिया हीच. चिरफाड नाही, टाका नाही, आईच्या दुधाशी काही संबंधच नाही. पण तीन महिने दुसरं साधन वापरायचं आणि वीर्याची तपासणी करूनच ते सोडायचं.

रात्री चूक झाली तर

साधन न वापरता संबंध आला, निरोध फाटला, तर ७२ तासांच्या आत तातडीची गोळी घ्या. आशाताईंकडे ती 'ईझी पिल' नावाने असते. जितकी लवकर, तितकी खात्री जास्त. लेव्होनॉर्जेस्ट्रेलच्या या गोळीनंतर पाजणं थांबवायची गरज नाही. पाच दिवसांच्या आत तांबी बसवली तर ती सगळ्यात खात्रीची, आणि पुढची काही वर्षंही कामी येते. ही गोळी रोजच्या साधनासारखी वापरू नका. महिन्यातून दोनदा घ्यावी लागत असेल, तर तुम्हाला दुसरं साधन हवं आहे.

नेहमी होणाऱ्या चुका

- शेजारणीची अर्धी उरलेली पाकिटं घेणं. तिचं बाळ दोन वर्षांचं, तुमचं दोन महिन्यांचं. तिला चाललेली गोळी तुम्हाला चालेलच असं नाही.
- "मागच्या वेळी वर्षभर काही झालं नाही" यावर विसंबणं. दर बाळंतपणानंतर शरीर वेगळं वागतं, आणि दुसऱ्या बाळाला तुम्ही पहिल्याइतकं पाजत असालच असं नाही.
- पाळीचे दिवस मोजून "सुरक्षित दिवस" काढणं. पाळीच परत आलेली नाही, तर मोजणार कुठून?
- साधन सुरू करायचं म्हणून बाळाचं दूध तोडणं. वर दिलेल्या साधनांसाठी दूध तोडायची गरज नाही.
- गावी जाताना कार्ड घरी ठेवणं. माता व बाल संरक्षण कार्ड आणि अंतराचं कार्ड सोबत असेल, तर दुसऱ्या गावच्या सरकारी केंद्रातही पुढचं इंजेक्शन घेता येतं.

शंका आली तर

पाळी नसताना दिवस गेले हे ओळखणं अवघड, कारण "चुकली" म्हणायला तारीखच नसते. म्हणून या खुणांकडे लक्ष द्या: दूध एकाएकी कमी होणं, स्तनाग्रं हुळहुळणं, बाळाने तोंड फिरवणं, सकाळची मळमळ, न संपणारा थकवा. यातलं काही जाणवलं तर लगेच तपासा.

१. 'निश्चय' ही चाचणीपट्टी आशाताईंकडे मिळते. सकाळची पहिली लघवी वापरा.
२. संबंध येऊन तीन आठवडे झाले असतील तर निकाल भरवशाचा. त्याआधी "नाही" आलं तर आठवड्याने पुन्हा तपासा.
३. "हो" आलं तर लवकर सोनोग्राफी करून घ्या. शेवटच्या पाळीची तारीख नसल्याने किती आठवडे झाले ते त्यातूनच कळतं, आणि पुढचे सगळे निर्णय त्या आकड्यावर ठरतात.

दिवस राहिलेच असतील तर

मूल ठेवायचं असेल, तर थोरल्याला एका दिवसात तोडू नका. गरोदर बाईचं दूध "विषारी" होत नाही, "उष्ण" होऊन बाळाला बाधतही नाही. गरोदरपणात अडचण नसेल तर पाजत राहता येतं. दूध कमी होतं, चव बदलते, काही बाळं आपणहून सोडतात. बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल आणि दूध घटलं असेल तर त्याचं वजन वारंवार बघा आणि वरचं दूध कसं द्यायचं ते डॉक्टरांना विचारा. आधी अपुऱ्या दिवसांचं बाळंतपण झालं असेल, अंगावरून रक्त जात असेल किंवा पोटात कळा येत असतील, तर पाजायचं की नाही हे डॉक्टर ठरवतील. लगेच नाव नोंदवा, लोहाच्या गोळ्या सुरू करा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर मातांची तज्ज्ञांकडून मोफत तपासणी होते. पाठोपाठचं गरोदरपण आहे, हे तिथे आवर्जून सांगा.

मूल ठेवायचं नसेल, तर वेळ घालवू नका. १९७१ चा गर्भपाताचा कायदा २०२१ मध्ये सुधारला. साधन फसल्यामुळे राहिलेला गर्भ २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरच्या मताने काढता येतो. गोळ्यांनी गर्भपात नऊ आठवड्यांपर्यंत होतो. औषधाच्या दुकानातून परस्पर गोळ्या आणून घरी घेऊ नका. आठवडे नक्की माहीत नसताना ते विशेष धोक्याचं असतं, आणि पाळी न आलेल्या आईला आठवडे बहुतेक वेळा माहीत नसतात. अंगावर पाजत आहात, हे डॉक्टरांना सांगा.

उलटा प्रश्न: मूल हवंय, पण पाळी येत नाही

थोरलं दोन वर्षांचं झालं, तुम्हाला दुसरं हवं आहे, अजून रात्री पाजणं सुरू आहे आणि पाळी आलेली नाही किंवा अनियमित आहे. अशांना घरचे सांगतात, "आधी तोड." एकदम तोडायची गरज बहुतेक वेळा नसते. रात्रीचं एखादं पाजणं कमी करा, दोन पाजण्यांतलं अंतर वाढवा. पुष्कळ जणींची पाळी तेवढ्याने परत येते. पाळी नियमित झाल्यावरही वर्षभर प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत, तर दोघांनी मिळून तपासणी करा. वय ३५ च्या पुढे असेल तर सहा महिन्यांतच. मूल व्हावं म्हणून औषधं सुरू करायची असतील, तर पाजत असल्याचं आधी सांगा.

तुमचे हक्क

- तुमच्या होकाराशिवाय कुठलंही साधन नाही. बाळंतपणाच्या टेबलावर न विचारता तांबी बसवता येत नाही. काय बसवलं, किती वर्षांचं, कधी तपासायचं, हे कार्डावर लिहून मागा. तांबी काढून हवी असेल तर ती काढून मिळायला हवी.
- नसबंदीसाठी नवऱ्याची सही सक्तीची नाही. सरकारी निकषांप्रमाणे ज्याची शस्त्रक्रिया, त्याची संमती. शस्त्रक्रिया होऊनही दिवस राहिले तर सरकारी भरपाईची योजना आहे. मुदत असते, म्हणून कळताच रुग्णालयात लेखी कळवा.
- गर्भपातासाठी सज्ञान स्त्रीची एकटीची संमती पुरते. तुमचं नाव गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे.
- काम करणाऱ्या मातांना कायद्याने पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. आधीची दोन मुलं असतील तर १२ आठवडे. मागच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम केलेलं असावं लागतं. गर्भपातानंतर सहा आठवडे आणि नसबंदीनंतर दोन आठवडे पगारी रजा मिळते.
- पाजण्यासाठी सुट्टी. बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत रोज दोन वेळा, नेहमीच्या जेवणाच्या सुट्टीखेरीज. ५० किंवा अधिक कामगार असतील तिथे पाळणाघर हवं आणि दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभा हवी. मोठ्या गोदामांतल्या बायकांनी हे मुकादमाला नव्हे, कार्यालयाला लेखी मागावं, शक्यतो चार-पाच जणींनी मिळून. बऱ्याच लहान कारखान्यांत हा कायदा पोहोचत नाही, पण निदान मधल्या सुट्टीत बाळ आणून पाजू द्यायला मालकाला सांगता येतं.

भिवंडीत कुठे जाल

सगळे ज्याला आयजीएम म्हणतात, ते इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालय. शहरात महापालिकेची नागरी आरोग्य केंद्रं, तालुक्यात पडघा, खारबाव अशा गावांची प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि त्यांची उपकेंद्रं. निरोध, गोळ्या आणि चाचणीपट्टी आशाताई घरपोच देतात. तांबी आणि अंतरासाठी केंद्रात जावं लागतं. सल्ला हवा असेल तर १०४ क्रमांक, तातडीची गाडी हवी असेल तर १०८. मराठी बोलताना अडत असेल तर तेलुगू, उर्दू किंवा हिंदी जाणणारी आशाताई सोबत न्या. खाजगी गोष्ट आहे म्हणून लाजू नका, बाळाची लस मागताना आपण लाजतो का?

एवढं सगळं लक्षात राहिलं नाही, तरी एक गोष्ट लक्षात ठेवा. दीड महिन्याच्या लशी देऊन झाल्यावर बाळाला उचलून लगेच निघू नका. तिथेच सिस्टरना विचारा, "मी पाजतेय, मला कोणतं साधन चालेल?" आणि उत्तर घेऊनच घरी जा.